व्हाइट क्रेन कुंग फूची सुरुवात कशी झाली आणि त्याची वैशिष्ट्यं काय?

या विषयावर मी माझ्या कराटेच्या सेन्सेईंशी (शिक्षकांशी) बरीच वर्षं वाद घातला आहे, म्हणून लिहितो.

मूळ दक्षिण चीनमधलं, फूच्येन प्रांतातल्या योंगचुन भागातलं. फांग छीन्यांग नावाची मुलगी देवळाजवळ आलेल्या पांढऱ्या क्रौंचाला बांबूने हाकलायला गेली; तो उडून न जाता पंखांनी बांबू बाजूला सारत, चोच मारत राहिला, आणि त्यावरून तिने वडिलांकडून शिकलेली विद्या नव्याने बांधली. ही दंतकथा आहे, काळ 17व्या शतकातला सांगतात. पण ही पद्धत एका बाईने घडवली असं तिच्या बहुतेक शाखा मानतात, आणि मला ते पटतं. अंगाने दणकट माणसासमोर ताकदीला ताकद लावायचीच नाही, हा तिचा पायाच आहे.

मी सिंगापूरला नोकरीला असताना आमच्या इमारतीतले एक अंकल सकाळी खाली सराव करायचे. ते करत होते सानझान, म्हणजे आपण कराटेवाले ज्याला सांचिन म्हणतो त्याच कुळातला काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम). पण हात उघडे, कोपरं खाली, पावलं आखूड, खांदे सैल. मी विचारल्यावर त्यांनी मला त्यांचं मनगट घट्ट धरायला लावलं. हात नुसता झटकला, आणि तो धक्का माझ्या मनगटातून थेट कमरेपर्यंत गेला. मी दोन पावलं मागे. ते धापही टाकत नव्हते. फूच्येनहून आग्नेय आशियात गेलेल्या लोकांनी ही विद्या तिकडे जपली. 1929 साली तर योंगचुनच्या पैलवानांचं एक पथक सिंगापूर-मलायात प्रात्यक्षिकं करत फिरलं होतं.

नाशिकला परतल्यावर क्लासमध्ये मी तसं करून दाखवलं. सेन्सेई सगळ्यांसमोर म्हणाले, "हे ढिलं सांचिन, चिन्यांनी बिघडवलेलं. खरं ओकिनावाचं, अंग दगडासारखं हवं." मला ते फार लागलं. ओकिनावा म्हणजे जपानमधलं बेट, कराटेचं माहेर. पण तिथले गुरू हिगाओन्ना कान्र्यो 19व्या शतकात शिकायला गेले कुठे? फूच्येनच्या फूचौला. हात मुठीत बंद केले ते त्यांचे शिष्य मियागी चोजुन यांनी, असं गोजू-र्यू या कराटेच्या शाखेचे लोकच सांगतात. ओकिनावाचे उएची कानबुनही 1897 मध्ये फूचौलाच गेले, आणि त्यांच्या उएची-र्यू शाखेच्या सांचिनमध्ये आजही हात उघडेच असतात. हे मी सेन्सेईंना विचारलं. उत्तर आलं नाही, पुढच्या परीक्षेला माझं नाव मात्र वगळलं गेलं.

उरलेली वैशिष्ट्यं थोडक्यात: बोटं जुळवून चोचीसारखा मार, अंग थरथरवून सोडलेली ताकद, लाथा कमी आणि खालच्या, आणि अंतर अगदी जवळचं. फूचौकडे उडणारा, ओरडणारा, खाणारा, झोपणारा अशा क्रौंचांच्या वेगवेगळ्या शाखा आहेत. ओरडणाऱ्यात श्वासाबरोबर आवाजही काढतात.

एक सांगायचं राहिलं. ओकिनावाला जे पोचलं ते नेमकं योंगचुनचंच होतं असं मी म्हणत नाही, आणि मुठीचं सांचिन वाईट आहे असंही नाही. पाय रोवायला ते उत्तम शिकवतं. फक्त रक्तदाब असेल तर श्वास कोंडून अंग आवळू नका.

तुम्हाला शिकायचं असेल तर शिक्षकांना पहिल्याच दिवशी विचारा की हा काता आला कुठून. जे चिडतील त्यांच्याकडे फी भरू नका, भिंतीवर कितीही प्रमाणपत्रं लावलेली असोत.