'नोटेशन'ला काय म्हणावं, आणि 'छाप' का नको

प्रश्न पुण्यातल्याच चित्रकलेच्या एका विद्यार्थिनीचा आहे. ती रविवारी राजा केळकर संग्रहालयात जाते, एखाद्या समईपुढे किंवा अडकित्त्यापुढे उभी राहते आणि तो पाहताना मनाला काय वाटतं ते खुणांनी वहीत टिपते. संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी सुरांसाठी खुणा केल्या, तशा वस्तूंसाठी कराव्यात असा तिचा बेत आहे. वहीवर तिने लिहिलंय, 'वस्तूंच्या कलात्मक छापेचं नोटेशन'. 'छाप' बरोबर आहे का, आणि 'नोटेशन'ला मराठीत काय म्हणावं, असं ती विचारते.

आधी छाप. ती पडते म्हटलं तरी पाडणारा कुणीतरी मनात येतो. वक्ता सभेवर छाप पाडतो. कपाटातला अडकित्ता कुणावर छाप पाडायला बसलेला नाही. ठसा उमटतो खरा, पण तो कळतो मागाहून, वस्तू डोळ्यांआड झाल्यावर. प्रभाव पडला की माणूस थोडा बदलतो, आणि संस्कार एका भेटीत होत नाही. तुम्हाला हवा आहे ऐन पाहण्याच्या क्षणाचा शब्द. तो आहे 'प्रत्यय'. प्रति म्हणजे कडे, आणि इ धातूचा अर्थ जाणे. प्रतीतीही त्याच धातूची. प्रत्यय समोरून येतो, आणि त्यात खात्रीचाही अर्थ आहे: 'त्याच्या प्रामाणिकपणाचा प्रत्यय आला' असं आपण म्हणतो. हा शब्द घेतलात की 'कलात्मक' हे विशेषण खुशाल गाळा.

आता नोटेशन. गाण्यात स्वरलेखन आणि स्वरलिपी दोन्ही चालतात, पण त्यांत मला फरक वाटतो. लेखन आपल्यापुरतंही असतं. लिपी म्हणायची तर दुसऱ्याला ती वाचून मूळ वस्तू पुन्हा उभी करता आली पाहिजे. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर टिंब, मिंडेला, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याला, कमान. एवढ्यावरून बंदिशीचा सांगाडा दुसऱ्याच्या गळ्यात उभा राहतो. दरबारी रागातल्या कोमल गंधाराचं आंदोलन, म्हणजे त्याचं हलकं झुलणं, मात्र कागदावरून येत नाही, ते गुरूकडूनच घ्यावं लागतं. म्हणून तूर्त 'प्रत्ययलेखन' म्हणा. तुमच्या खुणा वाचून मैत्रिणीने दहा समयांतून नेमकी तीच समई ओळखली, की त्या दिवसापासून 'प्रत्ययलिपी' म्हणा.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढेच आहे. व्याकरणातही प्रत्यय असतो, शब्दाला मागून लागणारा, आणि मराठीने तुमचं काम त्यातून बरंचसं करून ठेवलंय. लालसर, ओलसर, काळसर यांतला 'सर' फक्त 'थोडंसं' सांगतो, त्यात राग-लोभ नाही. तेलकट, मळकट, मातकट, धुरकट म्हटलं की नाक मुरडलंच. तेल लावलेली समई वेगळी आणि तेलकट समई वेगळी. 'तांबूस'मध्ये उलट जिव्हाळा आहे. स्वयंपाकघरात कांदा तांबूस होईपर्यंत परततात, तांबटसर झाला असं कुणी म्हणत नाही.

त्याहून पुढे जोडशब्द. लाल एकच, पण लालभडक डोळ्यांवर येतं, लालचुटुक हातात घ्यावंसं वाटतं, आणि लालबुंद म्हटलं की आतून काहीतरी भरून आलेलं दिसतं: रागावलेला चेहरा, पिकलेलं फळ. पांढऱ्याचंही तसंच. धुतलेलं धोतर पांढरंशुभ्र, भीतीने उतरलेला चेहरा पांढराफटक. केस काळेभोर, अमावस्येची रात्र काळीकुट्ट. शब्दाचा पुढचा भाग रंग सांगतो, मागचा भाग पाहणाऱ्याला काय झालं ते सांगतो. ही रचना भातखंड्यांच्याच जातीची आहे: स्वर तोच, रेघ वेगळी.

म्हणून खुणा करायच्या तर त्या मागच्या भागाच्या करा. भडकपणाला एक, चुटुकपणाला एक, फटकपणाला एक. मग त्या रंगापुरत्या ठेवू नका. पितळेच्या समईची घडण भडक असू शकते, आणि हरणाच्या आकाराचा अडकित्ता चुटुक. ही मोकळीक शब्द देत नाहीत, कारण 'चुटुक' लालाला सोडून सहसा हलत नाही. तुमच्या खुणेचा खरा उपयोग मला तिथेच दिसतो.

नऊ रसांची आद्याक्षरं वापरू का, असंही तुम्ही विचारलंत. नको. भरतमुनींनी सांगितलेले रस आठ, शांत मागाहून मिळाला. आणि ते सांगितले नाटकासाठी. विभाव (भावनेचं कारण), अनुभाव (ती अंगावर दिसणं) आणि व्यभिचारी भाव (येणारेजाणारे भाव) एकत्र आल्यावर रस निष्पन्न होतो. समईला अनुभाव नाहीत, तिच्या डोळ्यांत पाणी येत नाही. 'क' लिहून तिला करुण ठरवलंत तर ते तुमचं त्या दिवशीचं मन असेल. फटकपणा मात्र समईत दिसू शकतो, आणि शेजारी उभ्या माणसालाही तो दाखवता येतो.

एक सावधगिरी. 'प्रत्ययलेखन' वाचून भाषेचा विद्यार्थी ते शब्दांना लागणाऱ्या प्रत्ययांबद्दल आहे असं समजेल. तेव्हा पहिल्याच पानावर लिहा: 'प्रत्यय म्हणजे वस्तू पाहताना येणारा अनुभव.' आणि शब्द जोडून लिहा, तोडून नको.