‘हून’ लावून बघा : इटालियनमधले ‘दी’ आणि ‘के’

इटालियन शिकणाऱ्या एका वाचक ताईंनी विचारलं आहे : “‘रोम मिलानपेक्षा सुंदर आहे’ या वाक्यात मी ‘के मिलानो’ लिहिलं, तर बाईंनी खोडून ‘दी मिलानो’ केलं. पुढचं वाक्य होतं, ‘मला लिहिण्यापेक्षा वाचायला जास्त आवडतं’. तिथे मी आठवणीने ‘दी’ घातला, तर तो खोडून ‘के’ केला! इंग्रजीत दोन्हीकडे ‘दॅन’, मराठीत दोन्हीकडे ‘पेक्षा’. मग इटालियनलाच दोन शब्द कशाला लागतात, आणि कुठे कोणता हे ओळखायचं कसं?”

ताई, मराठीत दोन्हीकडे ‘पेक्षा’ चालतं हे खरं. पण मराठीकडे ‘हून’ही आहे, आणि तुमच्या कामाचा तोच आहे.

‘पेक्षा’ हा संस्कृत ‘अपेक्षा’पासून आलेला, म्हणून तो ऐसपैस आहे, कशालाही चिकटतो. ‘हून’ मात्र पंचमीचा प्रत्यय. ‘पुण्याहून आलो’ यातला आणि ‘पुण्याहून मोठं’ यातला ‘हून’ एकच. एखाद्या गोष्टीपासून मोजायला सुरुवात करायची आणि दुसरी कुठवर जाते ते बघायचं, अशी ही तुलना. संस्कृतातही ‘रामात् श्यामः पटुतरः’ अशी पंचमीच. लॅटिनमध्ये हेच काम तिथली पंचमी करी, आणि जिथे ती लावता येत नसे तिथे ‘क्वाम’ हा वेगळा शब्द येई. पुढे लॅटिनचे विभक्तिप्रत्यय झिजून गेले. पंचमीच्या जागी ‘दे’, म्हणजे ‘पासून’, हे अव्यय आलं. त्याचंच इटालियन रूप ‘दी’. ‘क्वाम’ची जागा ‘के’ने घेतली. म्हणजे इटालियनने दोन शब्द नव्याने काढले नाहीत, लॅटिनची जुनी वाटणी तेवढी जपली. अडचण एवढीच की हाच ‘दी’ इटालियनमध्ये ‘चा-ची-चे’चंही काम करतो, त्यामुळे तुलनेत तो दिसला की शिकणारा बुचकळ्यात पडतो.

आता ‘हून’ लावून बघा. ‘रोम मिलानहून सुंदर’ : सहज बसलं, म्हणून ‘दी’. ‘तो माझ्याहून उंच’ : ‘प्यू आल्तो दी मे’. ‘शंभराहून अधिक माणसं’ : ‘प्यू दी चेन्तो पेर्सोने’. ‘एत्ना व्हेसुव्हियसहून उंच’ (एत्ना ३,३०० मीटरच्या वर, व्हेसुव्हियस १,२८१) : ‘प्यू आल्तो देल वेझूव्यो’, इथे ‘दी’ पुढच्या उपपदाशी जुळून ‘देल’ झाला आहे. राजाहूनही कट्टर राजनिष्ठ असलेल्या माणसाला इटालियन लोक ‘प्यू रेआलिस्ता देल रे’ म्हणतात, तोही यातलाच.

उलट ‘मी चहाहून कॉफी जास्त पितो’ म्हणून बघा. कानाला खटकतं ना? इटालियन तिथे ‘के’ घेते : ‘बेवो प्यू काफ्फे के ते’. भीतीने किंवा थकव्याने अर्धमेला झालेला माणूस ‘प्यू मोर्तो के वीवो’, जिवंत कमी आणि मेलेला जास्त. ‘जिवंताहून मेलेला’ म्हटलं तर मराठीत अर्थच निसटतो. ‘शहरात राहण्यापेक्षा डोंगरात बरं’ हे इटालियन ‘इन मोन्तान्या के इन चित्ता’ असं सांगते. ‘शहरात’च्या पुढे ‘हून’ लागायला जागाच नाही. या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. गुण एक आणि तो असणारे दोघे, तर ‘दी’. माणूस किंवा प्रसंग एकच आणि त्याचे दोन गुण, दोन वस्तू, दोन ठिकाणं तोलायची, तर ‘के’.

ही युक्ती दोन ठिकाणी फसते, तेवढं लक्षात ठेवा. पहिलं ठिकाण क्रियापदांचं, आणि तुमचं वाक्य नेमकं तिथलं. ‘करण्याहून बोलणं सोपं’ हे मराठीत चालून जातं, कारण आपलं ‘करणं’ नामासारखं प्रत्यय घेतं. इटालियन मात्र दोन क्रियापदांमध्ये ‘के’च ठेवते : ‘प्यू फाचिले दीरे के फारे’. दुसरं ठिकाण ‘मेल्यो’ने, म्हणजे ‘बरं’ने, सुरू होणाऱ्या म्हणींचं. ‘मेल्यो तार्दी के माई’, कधीच नाही त्यापेक्षा उशिरा बरं. ‘मेल्यो उन उओवो ओज्जी के ऊना गाल्लीना दोमानी’, उद्याच्या कोंबडीपेक्षा आजचं अंडं बरं. ही दुसरी मला फार आवडते. इंग्रजीने इथे हातातला एक पक्षी आणि झुडपातले दोन घेतले आहेत, पण अंडं-कोंबडीत जो धीर धरण्याचा मोह आहे तो पक्ष्यांत नाही.

इंग्रजी ‘दॅन’ सगळीकडे का चालतो? तो आणि ‘मग’ या अर्थाचा ‘देन’ मुळात एकच शब्द. ‘हा उंच, मग तो’ अशी ती मांडणी, त्यामुळे पुढे नाम येवो की क्रियापद, त्याला फरक पडत नाही.

मात्र ‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘सुपीरियर’ यांच्यापुढे हाच ‘दॅन’ चालत नाही, ‘टू’ लागतो. हे शब्द लॅटिनमधली तयार तुलनारूपं आहेत. ‘सीनियर’ म्हणजेच ‘जास्त वयाचा’. त्यांतला ‘-इयर’ हा स्वतःच्याच ‘टॉलर’मधल्या ‘-अर’चा सख्खा भाऊ आहे हे इंग्रजीला कधी जाणवलंच नाही. संस्कृत ‘-ईयस्’, लॅटिन ‘-इओर’ आणि इंग्रजी ‘-अर’ ही एकाच प्रत्ययाची रूपं; ‘-इष्ठ’ आणि ‘-एस्ट’ हीसुद्धा तशीच जोडी. ‘स्वीटेस्ट’ आणि ‘स्वादिष्ठ’ हे शब्दशः एक आहेत! मराठीत ‘स्वादिष्ट’ म्हणताना ‘सर्वांत’ हा अर्थ उरला नाही, नुसतं ‘चवदार’ राहिलं. म्हणून तर ‘श्रेष्ठ’ला ‘सर्व’ जोडून ‘सर्वश्रेष्ठ’ करावं लागलं. इटालियन ‘-इस्सिमो’चंही तेच झालं आहे : ‘बेल्लिस्सिमा’ म्हणजे फार सुंदर, सर्वांत सुंदर नव्हे. सर्वांत सुंदर म्हणायचं तर ‘ला प्यू बेल्ला’.

आणि हा ‘सीनियर’ किती लांब गेला आहे बघा. इटालियन ‘सिन्योरे’ त्याच्यापासून, आणि इंग्रजी ‘सर’ही त्याच्यापासूनच. वर्गात मुलं ‘सर’ म्हणतात तेव्हा एक लॅटिन तुलनारूपच उच्चारत असतात. ‘मास्टर’च्या पोटातही ‘माजिस’, म्हणजे ‘अधिक’, हा शब्द आहे.

तुमच्या पत्राच्या शेवटी एक वाक्य होतं, ‘मला वाटलं होतं त्याहून इटालियन अवघड आहे’. तुलनेत पुढे अख्खं वाक्य आलं की इटालियन ‘दी क्वान्तो’ घेते आणि क्रियापद संभावनार्थी ठेवते : ‘लितालियानो ए प्यू दिफ्फीचिले दी क्वान्तो पेन्सास्सी’. ‘दी’ हा ‘हून’, ‘क्वान्तो’ हा ‘त्या’. तुम्ही मराठीत ‘त्याहून’ लिहिलंत, तेव्हा इटालियन वाक्य अर्धं तयार झालंच होतं.