जेरुसलेमच्या ज्यू मंदिरातला तो सात फांद्यांचा सोन्याचा दिवा (मेनोरा) शेवटी गेला कुठे? खरंच व्हॅटिकनच्या तळघरात आहे का?

व्हॅटिकनचं विसरा हो, त्याला काडीचाही पुरावा नाही. 1996 ला इस्रायलच्या एका मंत्र्याने थेट पोपकडेच विषय काढला होता, हाती काही लागलं नाही.

आता जे माहितीये ते सांगतो. इ.स. 70 मध्ये रोमन सेनापती टायटसने मंदिर पाडलं आणि लूट रोमला नेली, आणि याचा चक्क दगडात कोरलेला पुरावा आहे, रोममधल्या टायटसच्या कमानीवर आतल्या बाजूला सैनिक तो दिवा खांद्यावर घेऊन मिरवणुकीत चाललेत, अगदी पालखी नेतात तसे. 2012 मध्ये स्कॅनिंग केलं तर त्या कोरीवकामावर पिवळ्या रंगाचे कण सापडले, म्हणजे आज पांढरा दिसणारा तो दिवा मुळात सोनेरी रंगवलेला होता. भारीच ना!

मग तो रोममध्ये शांतिमंदिरात (शांतीच्या देवीच्या मंदिरात) होता. 455 ला व्हँडल या जर्मानिक टोळीने रोम लुटलं, माल गेला उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजला. 534 च्या सुमारास पूर्व रोमन (बायझंटाइन) सेनापती बेलिसॅरियसने तिथून ज्यूंचा खजिना राजधानी कॉन्स्टँटिनोपलला आणला, आणि त्या काळचा इतिहासकार प्रोकोपियस लिहितो की एका ज्यू माणसाने "हे ज्याच्याकडे जातं त्याचं वाटोळं होतं" अशा अर्थाचं काहीतरी सांगितल्यावर सम्राट जस्टिनियन घाबरला आणि सगळं जेरुसलेमच्या चर्चेसना पाठवून दिलं. पण गंमत म्हणजे प्रोकोपियसने त्यात दिव्याचं नाव स्पष्ट घेतलेलंच नाही.

माझं मत विचाराल तर कुणीतरी कधीच वितळवून नाणी पाडली असणार, एवढं सोनं कोण सोडतंय?