पाहिलेलं वेगळं, ऐकलेलं वेगळं

प्रिय पोरा,

आशीर्वाद.

तुझा मेसेज सकाळी चहा घेताना वाचला आणि चहा तसाच निवला. वाचक कट्ट्यावर तू विश्वास नांगरे पाटील साहेबांच्या 'मन में है विश्वास' या आत्मचरित्रावर बोलायला उभा राहिलास. एक बाई म्हणाल्या, ही सगळी आत्मस्तुती आहे. एकानं विचारलं, साहेबांच्या पुस्तकात शिपाई कुठं असतो? तिसरा म्हणाला, असली पुस्तकं वाचून पोरं सदाशिव पेठेत पाच-पाच वर्षं वाया घालवतात. तू गप्प बसलास, खोलीवर आलास आणि पुस्तक ट्रंकेत टाकलंस. वर मला विचारतोस, "नाना, मी चुकीच्या माणसाला आदर्श मानलं का?"

माणसाचं नंतर बघू. तू त्या बाईंना "कुठलं पान?" एवढं तरी विचारलंस का?

मी एकवीस वर्षं पोलीस ठाण्यात रायटरचं काम केलं. हजारो जबाब या हातानं लिहिले. "समक्ष विचारलेवरून जबाब देतो की..." हे शब्द अजून झोपेत येतात. नवा होतो तेव्हा आमच्या जमादारांनी एकच गोष्ट शिकवली. पाहिलेलं वेगळं लिही, ऐकलेलं वेगळं. दोन्ही एका वाक्यात आलं की जबाब नासला. पुस्तकाबद्दल लोक जे बोलतात तोही जबाबच असतो. बोलणाऱ्यानं पुस्तक पाहिलंय का पुस्तकाबद्दल ऐकलंय, हे आधी काढून घ्यायचं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त आयपीएस अधिकारी मीरां चड्ढा बोरवणकर मॅडमचं पुस्तक आलं. आठवडाभर सगळीकडे एकच विषय: मॅडम पुण्याच्या आयुक्त असताना पालकमंत्र्यांनी येरवड्याची पोलिसांची जागा बिल्डरला द्यायला सांगितली, हा त्यातला आरोप. तेव्हाच्या पालकमंत्र्यांनी आरोप फेटाळला आणि लोक दोन गटांत वाटले गेले. आमच्या पेन्शनरांच्या बाकावर मी विचारलं, पुस्तक कोणाकडे आहे? कोणाकडेही नव्हतं, आणि मत मात्र सातही जणांकडे होतं. ज्या बाईनं १९९४ चं जळगावचं लैंगिक शोषणाचं प्रकरण तपासलं, जिच्या देखरेखीखाली २०१२ मध्ये कसाबची आणि २०१५ मध्ये याकूब मेमनची फाशी झाली, तिच्या अख्ख्या नोकरीबद्दल बाकावर कोणी अवाक्षर काढलं नाही. मग ते मत पुस्तकावरचं कसं म्हणायचं? ते बातमीवरचं मत.

आता तुझ्या पुस्तकाकडे येऊ. कोकरूडचा पोरगा आयपीएस होतो, हे त्या लेखकानं स्वतः भोगलेलं आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ते झोन एकचे उपायुक्त होते आणि 'ताज'मध्ये आत शिरले होते. तिथं काय दिसलं, काय ऐकू आलं, हे त्यांनी सांगायचं आणि आपण ऐकायचं. पण कुठलाही अधिकारी लिहायला बसला की त्याच्या समोर दोन ढीग असतात. एक त्यानं पाहिलेल्याचा, दुसरा हाताखालच्यांनी त्याला कळवलेल्याचा. छापताना दोन्ही "मी"मध्ये जातात. त्यात लबाडी असतेच असं नाही. साहेबाची नोकरीच तशी असते, रिपोर्ट वर जातो आणि वर गेला की साहेबाचा होतो. वाचणाऱ्यानं ते ढीग परत वेगळे करायचे असतात. हे तू केलं नाहीस. तू नुसता भारावलास, म्हणून एका बाईच्या एका शब्दानं तुझी हवा गेली.

शिपायाबद्दल विचारणाऱ्या पोराचा प्रश्न मात्र मला लागला. तो खरा आहे. १९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत शिपायांनी आंदोलन केलं तेव्हा ज्युलिओ रिबेरो आयुक्त होते. रिबेरो साहेबांचं आत्मचरित्र आहे, आणखीही बड्या अधिकाऱ्यांची आहेत. त्या वेळी बडतर्फ झालेल्या एका शिपायाकडून मी ती गोष्ट बरॅकमध्ये रात्रभर ऐकली. ऐकली, पाहिली नाही, कारण मी भरती झालो तोवर सगळं संपलं होतं. त्या माणसानं कधी ओळ लिहिली नाही. शिपायांनी लिहिलं नाही हा दोष साहेबांच्या पुस्तकांवर कसा टाकायचा? तो आमचा दोष. माझा आहे.

मी एवढा कडक का बोलतो, ते तुला सांगायलाच हवं. एका गावात विहिरीवरची मोटार चोरीला गेली. म्हातारीचा जबाब मी घेतला. ती म्हणाली, "तो पोरगा रात्री तिकडनं गेला म्हणत्यात." मी लिहिलं, "सदर इसमास मी रात्री विहिरीकडून जाताना पाहिले." साठ दिवसांत दोषारोपपत्र कोर्टात जायला हवं होतं, साहेब तीनदा विचारून गेले होते, दोन रात्री मी बंदोबस्तावर उभा होतो. त्या दिवसातला तो अकरावा जबाब. असल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेतच नाहीत, कायदाच तसा आहे, त्यामुळे म्हातारीला मी काय लिहिलं ते कळलंही नाही. आजही मला वाटतं, माझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्यानंही तेच केलं असतं. पोरगा एकोणीस-वीसचा. त्याला जामीन राहायला कोणी पुढं आलं नाही. चार महिने आत. कोर्टात उलटतपासात म्हातारी म्हणाली, "मी कुठं बघितलं? मला सुनेनं सांगितलं." पोरगा सुटला. तो सैन्यभरतीची तयारी करत होता. दोन महिन्यांनी ठाण्यासमोरच्या टपरीवर भेटला, माझ्याकडं बघून म्हणाला, "साहेब, वय गेलं माझं." एवढंच. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

म्हणून सांगतोय, पाहिलेलं वेगळं, ऐकलेलं वेगळं. उद्या तू फौजदार होशील. आज पुस्तकाच्या बाबतीत तुला हा भेद कळला नाही, तर उद्या जबाबाच्या बाबतीत कसा कळणार? आणि तिथं पुस्तक ट्रंकेत टाकून भागत नाही.

ते पुस्तक बाहेर काढ. पेन्सिल घे, शाई नको. जिथं लेखक स्वतः हजर आहे तिथं समासात 'पा' लिही. जिथं कळवलेलं, सांगितलेलं आहे तिथं 'ऐ'. जिथं ठरवता येत नाही तिथं कोरं सोड. महिना लागला तरी लागू दे, चालू घडामोडी महिनाभर कोणी पळवून नेत नाही. मग त्याच कट्ट्यावर जा आणि पानांचे आकडे घेऊन बोल. बाईंचं खरं निघालं तर तिथल्या तिथं मान्य कर. निघणारही एखाद-दोन ठिकाणी, तुझ्या आदर्शाला त्यानं काही होत नाही.

आणि पुढच्या रविवारी इकडे ये. काकूनं थालीपीठ लावायचं कबूल केलंय. निवृत्तीनंतर मीही एक वही लिहायला घेतली, एकशे चाळीस पानं झाली आहेत, अजून कोणाला दाखवलेली नाही. मोटारीची केस त्यात आहे. परवा वाचताना दिसलं की तिथं मी लिहिलंय, "म्हातारीने जबाब फिरवला." पेन्सिल घेऊनच ये. माझा पोरगा समजून वाचू नकोस, त्या पोराचा वकील समजून वाच.

तुझा,
नाना