जमिनीखालच्या पाइपमध्ये ३०० स्क्वेअरची आर्मर्ड केबल अडकली आहे, जेसीबीने ओढली तर चालेल का?

तुमची परिस्थिती अशी: रत्नागिरीजवळ आंबा कॅनिंगचं युनिट, ट्रान्सफॉर्मरपासून पॅनेल रूमपर्यंत ८० मीटर ४ इंची पीव्हीसी पाइप पुरलेला, पॅनेल रूमच्या १० मीटर अलीकडे एक काटकोन. साडेतीन कोर (तीन पूर्ण तारा आणि एक निम्मी) ३०० स्क्वेअर मिमीची अॅल्युमिनियम आर्मर्ड केबल, म्हणजे आवरणाखाली लोखंडी पट्ट्यांचं कवच असलेली, ट्रान्सफॉर्मरकडून घातली, साधारण ७० मीटरवर थांबली, पुढे हलत नाही.

जेसीबी लावू नका. ७० मीटर म्हणजे बरोबर तुमचा काटकोन. खात्री करायची तर केबलच्या काळ्या आवरणावर दर मीटरला छापलेला आकडा बघा: पाइपच्या तोंडाशी दिसणारा आकडा आणि केबलच्या आत गेलेल्या टोकाचा, घालण्याआधी टिपलेला आकडा यांतला फरक म्हणजे आत गेलेली लांबी. तिथे बहुधा प्लंबिंगचा साधा एल्बो (काटकोनी जोड) बसवलेला आहे. ही केबल ६० मिमीच्या आसपास जाडीची असते आणि एलटी (कमी दाबाच्या) मल्टिकोर केबलला किमान वळण जाडीच्या १२ पट, म्हणजे ७२० मिमी त्रिज्येचं लागतं. ४ इंची एल्बोची त्रिज्या त्याच्या पासंगालाही पुरत नाही. तिथे केबल वळणारच नाही, जोर कितीही लावा. जेसीबीला किती ताण बसतोय ते कळत नाही; आवरण फाटतं, आर्मरच्या पट्ट्या उघडतात, आणि त्या दिवशी सगळं ठीक दिसतं. फॉल्ट येतो पावसाळ्यात.

उपाय एकच, तो एल्बो काढून तिथे चेंबर (जमिनीतला बांधीव खड्डा) बांधणं. जांभ्यात खोदताना वर ब्रेकर चालेल, पण शेवटचा अर्धा मीटर पहारीने आणि हाताने खोदा, कारण केबलचं तोंड तिथेच आहे. पाइपही ग्राइंडरने नको, हॅक्सॉने कापा. चेंबर आतून किमान १.२ मीटर बाय १.२ मीटर, जमत असेल तर दीड. भिंती चिऱ्याच्या चालतील. तळाला काँक्रीट करू नका, एक फूट खडी भरा. कातळावर पावसाळ्यात पाणी वर येतंच, ते चेंबरमध्ये साचून पाइपमध्ये शिरण्यापेक्षा खाली झिरपलेलं बरं.

आता केबल पुन्हा मागे ओढून काढायची गरज नाही. तोंड तपासा, दबलेलं असेल तर मीटरभर कापून टाका. नव्या टोकाला बाहेरचं आवरण फूटभर सोला, आर्मरच्या पट्ट्या कोरांवर आवळून बायंडिंग वायरने घट्ट बांधा, टेपने निमुळतं करा, त्यावर तारेची जाळी (दोर बांधायचा विणलेला पकड-मोजा) आणि पुढे स्विव्हल (गरगर फिरणारी कडी). नुसत्या आवरणावर जाळी चढवली तर पट्ट्यांची आर्मर आत राहून आवरण मोज्यासारखं ओघळतं. स्विव्हल नसेल तर दोराचा पीळ केबलमध्ये उतरतो.

ताण किती लागेल? केबल मीटरला सुमारे ५ किलो, घर्षणांक कोरड्या पाइपमध्ये ०.५ धरा: ७० × ५ × ०.५ = १७५ किलो. हँड विंचला हे सहज जमतं, सात-आठ माणसंही ओढतील. दोरात लटकता वजनकाटा अडकवा. २५० च्या वर गेला की थांबून कारण शोधा. काटकोन लांब त्रिज्येचा असता, तरी ७० मीटरनंतर आलेल्या वळणाने हाच ताण सव्वादोन पट केला असता, एकूण ४०० च्या पुढे. ड्रम पॅनेल रूमकडे ठेवून वळण सुरुवातीला घेतलं तर एकूण २३० च्या आसपास. दिशा बदलली की काम जवळपास निम्मं होतं. हे ठेकेदार सहसा पाहत नाहीत.

केबल सहज सरकावी म्हणून लावायचं जेल पाण्यावर आधारित, केबलसाठी बनवलेलंच घ्या. ८० मीटरला ६ लिटर धरा. ग्रीस, जुनं ऑइल, रॉकेल पीव्हीसी आवरणाला लावू नका. साबणाचं पाणी लावून मध्येच चहाला थांबलात तर ते सुकून चिकटतं. ओढायला लागलात की मध्येच थांबू नका, थांबलेली केबल हलवायला जास्त जोर लागतो. वेग मिनिटाला पाच-सहा मीटर. ड्रम जॅकवर, केबल वरच्या बाजूने सुटेल असा; ड्रमवर एक माणूस फळीने ब्रेक लावायला. ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणीही उभं राहू नये. ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला काम करताना शटडाउन (वीजपुरवठा बंद) लेखी घ्या.

चेंबरमधून १५ मीटर बाहेर काढून जमिनीवर मोठ्या वेटोळ्यात ठेवा, वेटोळ्याचा व्यास दीड मीटरपेक्षा लहान नको. मग उरलेला १० मीटरचा सरळ तुकडा पॅनेल रूमकडून ओढून घ्या. त्या तुकड्यात दोर नसेल तर पॅनेल रूमच्या तोंडाला व्हॅक्युम क्लीनर लावा आणि चेंबरकडून बारीक नायलॉन दोरीला बांधलेली प्लास्टिकची पिशवी सोडा, मिनिटात पलीकडे. त्या दोरीने आधी चिंध्यांचा बोळा, मग ८० मिमी जाडीचा लाकडी ठोकळा फिरवा. ठोकळा अडला तर केबलही अडेल. तांबड्या मातीचा गाळ बाहेर पडेपर्यंत बोळा फिरवत राहा.

ओढून झाल्यावर १००० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या यंत्राने) कोर-कोर आणि कोर-आर्मर तपासा. त्याबरोबर ५०० व्होल्टवर आर्मर ते अर्थ हेही बघा, दोन्ही टोकांची ग्लँड (केबल पॅनेलला घट्ट धरणारा धातूचा जोड) बसवण्याआधी. पाइप ओला असताना हे रीडिंग शून्याजवळ आलं तर आवरण कुठेतरी फाटलंय. खाऱ्या हवेत आणि पाण्यात आर्मरची जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाची) पट्टी मग काही वर्षांत गंजून जाते आणि तुमचा अर्थचा रस्ता तुटतो. टर्मिनेशन (टोकांची जोडणी) त्याच दिवशी होणार नसेल तर दोन्ही टोकांना हीट श्रिंक कॅप चढवा, टेपवर भागवू नका. पाइपची चारही तोंडं, चेंबरमधलीसुद्धा, फोमने बंद करा. उंदीर आणि पाणी दोन्ही तिथूनच शिरतात.