सर्व काही आधीच ठरलेले असेल, तर प्रयत्नांना अर्थ काय?

‘सर्व काही आधीच्या कारणांनी ठरलेले असेल तर प्रयत्नांना अर्थ काय, आणि सामान्य लोक याकडे कसे पाहतात?’ असे आपण विचारले आहे. माझ्या मते यात दोन निरनिराळी मते एकमेकांत मिसळली आहेत. प्रत्येक घटना आधीच्या कारणांतून अटळपणे घडते, हा नियतत्ववाद. आपण काहीही केले तरी व्हायचे तेच होणार, हा दैववाद. पहिल्यात आपला विचार आणि आपली मेहनत हीसुद्धा कारणेच असतात, दुसऱ्यात त्यांना किंमतच उरत नाही.

मी नागपूरचा. आमच्याकडे काटोल-नरखेडचा संत्रा बागायतदार आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यासाठी, डिसेंबरात पाणी तोडून बाग ताणावर सोडतो, पाने मलूल होऊन थोडी पानगळ झाली की खत देऊन पाणी सुरू करतो, तेव्हा फुले ताणामुळेच येतात याविषयी त्याला तिळमात्र शंका नसते. पुढे गारपिटीने तीच फुले झडली, तर तोच म्हणतो, ‘नशिबातच नव्हतं.’ याला दैववाद म्हणणे मला अन्यायाचे वाटते. पुढच्या हंगामात तो पुन्हा वेळेवर ताण देतोच.

शॉन निकल्स आणि जोशुआ नोब या तत्त्वज्ञांनी २००७ मध्ये अमेरिकेतील विद्यार्थ्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. सर्व काही पूर्वकारणांनी ठरणाऱ्या कल्पित विश्वात माणूस आपल्या कृत्यांना पूर्णपणे जबाबदार असू शकतो का, या प्रश्नाला ८६ टक्क्यांनी ‘नाही’ म्हटले. मात्र त्याच विश्वात एकाने बायको-मुलांचा जीव कसा घेतला हे सविस्तर सांगितल्यावर ७२ टक्क्यांनी त्याला पूर्णपणे जबाबदार धरले. एडी नहमियास आणि डिलन मरे या संशोधकांना पुढे असे आढळले की, जबाबदारी नाकारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ‘कारणांनी ठरलेले’ याचा अर्थ ‘माणसाच्या इच्छेला आणि विचाराला वगळून घडलेले’ असाच घेतला होता. म्हणजे ते नाकारत होते तो दैववादच.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह याच नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला, ही घटना मला या प्रश्नात फार महत्त्वाची वाटते. आजचे दैन्य हे पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ आहे, हे त्यांनी ठामपणे नाकारले, पण कार्यकारणभाव मात्र नाकारला नाही; त्यांनी स्वीकारलेल्या बुद्धाच्या शिकवणीत दुःखाला कारण असते आणि म्हणूनच ते दूर करता येते, आणि सर्व काही नियतीवर सोडणाऱ्या मक्खली गोसाल या समकालीन आचार्याचे मत तर बुद्धाने त्या काळातील सर्वांत घातक मतांत गणले होते.