सी. एस. लुईस यांच्या 'नार्निया' या अद्भुतकथा-मालिकेतली सात पुस्तकं मुलांना कोणत्या क्रमाने वाचून दाखवावीत?

प्रकाशनाच्या क्रमाने. म्हणजे १९५० चं 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' सगळ्यात आधी. १९९४ नंतरच्या बऱ्याच संचांवर कथेतल्या कालक्रमानुसार आकडे टाकलेले असतात आणि १ नंबरवर 'द मॅजिशियन्स नेफ्यू' असतं. ते मुळात १९५५ मध्ये, सहावं आलं.

तिथून सुरुवात केली तर फसगत होते. 'वॉर्डरोब'मध्ये ल्यूसी ही छोटी मुलगी कपाटात शिरते, पायाखाली काहीतरी करकरतं, तिला वाटतं डांबराच्या गोळ्या असतील, आणि हाताला लागतो गार बर्फ. मऊ कोटांच्या जागी टोचऱ्या फांद्या येतात, पुढे जंगलात एकटाच दिव्याचा खांब. हा खांब तिथे कसा, हे कोडं मुलाच्या मनात राहायलाच हवं. 'नेफ्यू'त त्याचं उत्तर आहे, कपाटाचंसुद्धा. उत्तर आधी कळलं की कोडंच उरत नाही.

लेखक लुईस यांनी १९५७ मध्ये एका मुलाला लिहिलेल्या पत्रात कालक्रमाकडे कल दाखवला होता हे खरं. पण क्रमाने फारसं बिघडत नाही, असंही त्याच पत्रात आहे.

पहिल्या पुस्तकात १७ प्रकरणं आहेत, रोज रात्री एक पुरे. मात्र चौदावं आणि पंधरावं एकाच बैठकीत वाचा. चौदाव्याच्या शेवटी अस्लान हा सिंह मारला जातो, तिथे पुस्तक मिटलं तर मूल रडतच झोपेल. 'द हॉर्स अँड हिज बॉय' पहिल्यानंतर कुठेही चालतं. 'द लास्ट बॅटल' मात्र शेवटीच, आणि मूल हळवं असेल तर वर्षभर थांबून.